कुंभकोणम डिग्रीचं पारणं

१४ मे, बुधवार

पाण्याची लॉरी उशिरा. भांडी तशीच पडली, म्हणून आधी फोन उघडला. (हे म्हणतात, भांडी घासलेली असली तरी तू आधी फोनच उघडतेस. असो.)

कुं.डि.नं आज ग्रुपवर पुन्हा सांबार उकरून काढलं. पूर्ण नाव 'कुंभकोणम डिग्री' (तिकडची प्रसिद्ध कॉफी), फोटोच्या जागी कॉफीचा पितळी डबरा-टंबलर. माणूस कोण, कुठला, कुणालाच ठाऊक नाही. दर वेळी एवढं कोण लिहिणार, म्हणून वहीत कुं.डि. त्याचं म्हणणं: "सांबार आमच्या तंजावरी मराठी स्वैंपाकघरांत जन्मलें. तुम्ही पेणेहून रेल्वेंत बसण्याआधीं आम्ही तें पचवूनही बसलों."

मी: "जन्मलं असेल. पण वाढवलं तमिळ लोकांनी, म्हणून चवीला बरं निघालं."

खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. दिवस छान सुरू झाला.

१६ मे, शुक्र.

आमच्या केतकीनं आणि तिच्या शोळिंगनल्लूरच्या ऑफिसातल्या पोरांनी हा चेन्नईतल्या मराठी माणसांचा ग्रुप काढला तो भाकरीचं पीठ कुठे मिळतं आणि गणपतीला मराठी भटजी कोण, एवढ्यासाठी. आता पिठाचं कुणी नाव काढत नाही. कोकणस्थ-देशस्थ, घाटी-कोकणी, शैव-वैष्णव, मटण-मेतकूट, जो येतो तो बाह्या सरसावूनच. एकानं दुसऱ्याचं तोंड पाहिलेलं नाही. मला तर वाटतं पाहिलं असतं तर इतकं मोकळं भांडता आलं नसतं.

कुं.डि. मराठी लिहितो ते तमिळ अक्षरांत. घरी मराठी, शाळा तमिळ, त्या तंजावरकडच्या जुन्या घरांत असंच असतं म्हणे. ग्रुपात ते धड वाचता येतं मला एकटीला. बँकेत काउंटरवर तमिळ स्लिपा वाचून वाचून अक्षरं डोळ्यांत बसलीत. तेव्हा पद्धत अशी: तो लिहितो, मी ते देवनागरीत उतरवते, आणि मग त्यालाच झोडते. के. म्हणाली, "आई, तू त्याची वकील की त्याच्या विरुद्ध पार्टी?" दोन्ही, बाई. फी कुणीच देत नाही.

१९ मे, सोम.

उकाडा. अग्निनक्षत्र चालू. ह्यांनी ताडगोळे आणले, मला सोलायला लावले, स्वतः खाल्ले.

मी ग्रुपवर शनिवारच्या पापलेटचा फोटो टाकला होता. कुं.डि. पिसाळला. मला तो 'मासळीबाई'च म्हणतो. "मासळीबाई, तुम्ही मासेही खातां आणि एकादशीही धरतां. देवानें तुमचें कोणतें खरें मानावें?"

मी: "आम्ही सीकेपी. आमचं दोन्ही खरं. शिवाय मत्स्यावतार आमच्याच बाजूचा."

तो: "म्हणूनच कां त्यास तळतां?"

एकटीच स्वैपाकघरात हसत सुटले. हे विचारायला आले की काय झालं. सांगितलं, तर म्हणाले, "त्याचं बरोबर आहे." ह्यांना कधीतरी माझ्या बाजूनं बोलायला काय होतं!

२३ मे, शुक्र. एकादशी.

साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, बटाट्याचा पापड. फोटो टाकला.

कुं.डि.: "हा उपास कीं लग्न?" त्याच्याकडे एकादशी म्हणजे पाण्याचा थेंब नाही. माध्व ना ते. दुसऱ्या दिवशी पहाटे आंघोळ करून पारणं, तेव्हाच तोंडात काही. वय काय असेल ह्या माणसाचं? तरणा असला तर कौतुक. म्हातारा असला तर काळजी.

आज तरी दोघांची एकच दिवशी आली. कधी कधी पंचांगात एकादशीच दोन पडतात. पहिली आम्हा स्मार्तांची, दुसऱ्या दिवशी त्यांची भागवतांची. मग आमचं भांडण सलग दोन दिवस. मी म्हणते देव आमच्याकडे आधी येतो. तो म्हणतो तुमच्याकडे खाऊन मग आमच्याकडे विश्रांतीला येतो.

समोरच्या जानकी मामींना हे मोडक्या तमिळमध्ये सांगितलं. मामी अय्यंगार, म्हणजे वैष्णवच. "तो म्हणतो ते बरोबर," म्हणाल्या. सगळे त्याच्याच बाजूचे.

२६ मे, सोम.

आज मस्त जुंपली. कुं.डि.चा दावा की खरी जुनी मराठी त्याच्या घरात टिकली, आमची पुण्या-मुंबईत नासली.

मी ठोकून दिलं: "सांबारात पाणी घातलंत, मराठीतही पाणी घातलंत. चेन्नईत पाणीटंचाई उगाच नाही!"

त्याचं उत्तर पाच मिनिटांत: "पाणी घातलें म्हणून तर तीनशें वर्षें पुरलें."

हरले. ते उतरवताना हात थांबला एक क्षण, इतकं आवडलं. खाली लिहिलं, "आज तुम्ही जिंकलात. उद्या बघते."

२७ मे, मंगळ.

कुणीतरी कालच्या माझ्या वाक्याचा फोटो काढून बाहेर कुठल्या मोठ्या पानावर टाकला. फक्त माझं वाक्य. त्याचं उत्तर कापलेलं. वर मथळा: 'चेन्नईच्या मराठी बाईनं तंजावरवाल्यांची काढली'.

संध्याकाळपर्यंत ग्रुपात ही झुंबड. ओळख ना पाळख. निम्मे माझी पाठ थोपटताहेत: शाब्बास ताई, हे मद्रासी कसले मराठे, हाकला. निम्मे विचारताहेत, बाई तुझी जात कोणती ते सांग मग बोलू. अरे, मी थट्टा केली! आणि ज्याची केली त्यानं मला चारी मुंड्या चीत केलं, ते कुणी वाचतच नाही. त्याचं उत्तर तीनदा खाली चिकटवलं. वाहून गेलं.

२८ मे, बुध.

आता तमिळ मंडळीही आली. ती त्याला म्हणताहेत, एवढं मराठीचं प्रेम आहे तर जा की तुझ्या बॉम्बेला. त्यानं बॉम्बे पाहिली तरी असेल का?

एका 'गडकरी_९६'ला मी असं झापलं की तो पळालाच. मग दुसरा आला. त्यालाही. मग तिसरा. दुपारी लिहायला गेले तर लिहिताच येईना. पोटच्या पोरीनं मला म्यूट केलं! फोन केला तर म्हणे, "आई, तू पेट्रोल टाकतेयस." मी पेट्रोल? घर माझं जळतंय आणि मी पेट्रोल?

फोन आपटला. म्हणजे उशीवर आपटला. नवा आहे.

२९ मे, गुरु.

कुं.डि.नं सकाळी लिहिलं. म्यूट असल्यानं ग्रुपात उतरवता येत नाही, म्हणून इथे उतरवते:

"इकडचे म्हणतात तिकडे जा. तिकडचे म्हणतात तूं आमचा नव्हेस. मी ह्याच खुर्चींत बसलों आहें, उठलोंही नाहीं. पोदुम्."

पोदुम्, म्हणजे पुरे. त्यानंतर काही नाही. ग्रुपात कुणाला कळलंही नसेल, मराठीवाल्यांना अक्षरं येत नाहीत, तमिळवाल्यांना मराठी.

जेवण गेलं नाही. ह्यांना सांगितलं तर चेष्टा न करता म्हणाले, "उद्या लिहील गं."

३१ मे, शनि.

नाही लिहिलं. कालही नाही. हसऱ्या चेहऱ्यांवर जगणारी मी नाही, पण सकाळची कॉफी अळणी लागते आहे. (कॉफीत मीठ नसतं. माहीत आहे. तरी.)

१ जून, रवि.

के. आली. ताटावरच जुंपली.

"आई, तो एक हँडल आहे. दुसरा कुणी येईल."

"हँडल बादलीला असतं."

"तू त्याला ओळखतेस का तरी?"

ओळखते म्हटलं. रव्याच्या लाडवात तो लवंग घालतो. त्याच्या आईचं एक ठरलेलं वाक्य आहे, 'सोंगें नको करूं, जेव.' पावसाळ्यात त्याचा डावा गुडघा दुखतो. रसवांगी करताना तो वांगी उभी चिरतो आणि आडवी चिरणाऱ्यांना तुच्छ मानतो. नाव ठाऊक नाही, एवढंच. के.नं पोळी मोडता मोडता फोन उघडून माझा आवाज परत दिला. बाहेरच्यांनाही तिनं काढून टाकलं, बरेचसे. मुलगी चांगली आहे, पण बापावर गेली आहे. उशिरा पेटते.

मी लगेच लिहिलं: "सांबारराव, मैदान मोकळं आहे. या." दिवसभर उत्तर नाही.

३ जून, मंगळ.

शेवटी त्याला खासगीत लिहिलं, तमिळ अक्षरांतच, म्हणजे नाही म्हणायची सोय नको. माझी अक्षरं बघून हसला असेल. लिहिलं: "तुम्ही बोलत नाही तर मला भांडायला माणूस नाही. ह्यांच्याशी भांडून मजा येत नाही, हे लगेच कबूल करतात."

संध्याकाळी उत्तर आलं. लांबलचक. चेन्नईच्या पार पश्चिम टोकाला, आवडीला मुलाकडे राहतो. मुलगा फॅक्टरीत, क्वार्टर्समध्ये. (आवडी! आमचं अर्धं आयुष्य त्याच क्वार्टर्समध्ये गेलं. हे तिथूनच रिटायर झाले.) बायको दोन वर्षांपूर्वी गेली. सून गुणाची, पण तमिळ. नातवंडं इंग्रजी. "घरांत माझें मराठी ऐकावयास आतां हा फोनच. त्यांतही लोक शिरले. तुमचा राग नाहीं, मासळीबाई. तुमचें वाक्य चांगलें होतें. परंतु आतां लिहावयास बसलों कीं वाटतें, मागें उभें राहून कोणी वाचतें आहे."

डोळ्यांत पाणी आलं, सरळ सांगते.

४ जून, बुध.

रात्रीतून विचार पक्का झाला होता. सकाळी लिहिलं: "शनिवारी आमच्याकडे जेवायला या. वेस्ट मांबलम, स्टेशनजवळच. मासे नसतील, शब्द देते. समोरासमोर भांडू."

दुपारी एका शब्दाचं उत्तर. "येतों."

हे म्हणाले, "कोण माणूस, कुठला माणूस, सरळ घरी?" मी म्हटलं, तुम्हीही मला एकदाच बघून हो म्हणाला होतात, काय बिघडलं? म्हणाले, "ते अजून ठरायचंय."

६ जून, शुक्र. एकादशी, निर्जला.

नावाला निर्जला. खिचडी केलीच. ह्यांनी दोनदा घेतली.

दिवसभर उद्याची तयारी. वाल परवाच भिजवले होते, मोड छान आलेत, सोलायला दोघं बसलो. बिरडं, पुऱ्या, बटाट्याची भाजी, टोमॅटोचं सार, आमरस, आणि डांगर पचडी. पचडीची कृती त्याचीच, मार्चमध्ये ग्रुपवर लिहिलेली. उडदाचं पीठ भाजून दह्यात. त्याचंच त्याला खाऊ घालायचं आणि विचारायचं, सांगा, पाणी कुठे जास्त झालं!

भांडी वेगळी काढली, माशाला न लागलेली. खिडक्या उघड्या. धूप. हे म्हणाले, "जावई येतोय का?"

७ जून, शनि.

काय लिहू! मी मेले आज. हसावं का रडावं कळत नाही.

साडेअकराला बेल. दारात उंच, काटकुळे म्हातारे गृहस्थ. पांढरं धोतर, शर्ट, छत्री. कपाळावर काळी उभी रेघ, खाली ठिपका, कानशिलाजवळ गोपीचंदन. सत्तरी कधीच उलटलेली. आवडीहून सेंट्रल, तिथून पार्क स्टेशनपर्यंत चालत, मग गाडीनं मांबलम, ह्या उन्हात. हातात कॉफीच्या पावडरीची पुडी, वास जिन्यापर्यंत.

"मासळीबाई?"

"सांबारराव?"

दोघंही दारातच हसत उभे. ह्यांनी आत घेतलं.

पाणी दिलं. "नको." उन्हातून आलात, कोकम सरबत? "नको, नको." त्यांचीच कॉफी करू? हात जोडले. मला वाटलं संकोच. पण बोलायला लागले आणि काय सांगू, ग्रुपात वाचते तेच बोलणं कानांनी ऐकताना अंगावर काटा आला. 'मज', 'तुम्हांस', 'कशास', आणि मध्येच 'अय्यो', आणि वाक्याच्या शेवटी तमिळ हेल. ह्यांच्याशी आवडीच्या क्वार्टर्सच्या गप्पा. आमच्या ब्लॉकच्या पुढच्याच ब्लॉकात राहतात. त्याच चिंचेखाली बसतात. ह्यांनी फोन नंबरही लिहून घेतला.

पानं मांडली. गरम पुरी तळून आणली तर ते पाटावर बसलेच नाहीत, भिंतीला टेकून खुर्चीत. "तुम्ही बसा. मी पाहातों."

"पाहता म्हणजे?"

ह्यांची नजर स्वैपाकघराच्या भिंतीवर गेली. कॅलेंडर. शनिवारच्या चौकोनात लख्ख छापलेलं: भागवत एकादशी.

हातातली पुरी परातीत पडली. वर्षभर ज्या दोन एकादशींवरून ह्या माणसाशी भांडले, त्यातली त्याची कुठली हेच विसरले! आणि बोलावलं कुठल्या दिवशी, तर निर्जलेला!

"अहो, मग सांगायचं नाही का? बुधवारीच?"

"बोलावलांत," ते म्हणाले. "मराठींत कोणी जेवायास ये म्हणालें, त्यास किती दिवस झाले. आज नव्हे म्हणालों असतों, तर तुम्ही लिहिलें असतें, सांबारराव भ्याले."

लिहिलं असतं. नक्की लिहिलं असतं.

मग मीही जेवले नाही. मी नाही म्हणून हेही नाही. चांगले दोन तास तिघं बसलो, बिरडं तसंच, पुऱ्या गार. ह्यांनी दोनतीनदा पचडीकडे पाहिलं. पण काय बोललो आम्ही! सांबार, मत्स्यावतार, कुणाची मराठी नासली, त्यांची बायको भांडताना कशी पटकन तमिळमध्ये शिरायची. एकदा इतके हसले की खोकला आला आणि मी सवयीनं पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी पेल्याकडे पाहिलं, मी पेल्याकडे पाहिलं. ठेवून दिला.

ग्रुपात या परत, म्हटलं. "पाहूं."

निघताना विचारलं, उद्या पारणं कोण करतं? मुलगा-सून तिरुनेलवेलीला, सुनेच्या माहेरी. "माझें मीच. सकाळीं लवकर. द्वादशी थोडकी आहे, सात वाजतां संपते."

तोंडातून गेलं, "मी आणते करून."

ते जिन्यात थांबले. छत्री ह्या हातातून त्या हातात. "तुमच्या हातचें?" वाईट स्वरात नाही. खरंच विचारल्यासारखं. "माझी आई पारणें सख्ख्या बहिणीच्या घरचेंही घेत नसे." मग म्हणाले, "पाहूं."

हे दार लावून म्हणाले, "तुला एक सांगू? आज एकादशी होती म्हणून आला. काही खावं लागणार नाही, हे ठाऊक होतं त्याला. मासे खाणाऱ्यांच्या घरी एरवी आला असता का?"

राग आला. इतका राग आला की गार पुऱ्या मुकाट्यानं खाल्ल्या. आणि राग आला कारण जिन्यात तेच माझ्या मनात येऊन गेलं होतं. ग्रुपवर कोण कुणाला काय म्हणतं, त्यानं काही होत नाही. कोण कुणाच्या घरचं खातं, तिथे कळतं.

संध्याकाळी

जानकी मामींकडे गेले. पारण्याला काय लागतं विचारलं. अगत्तीची पालेभाजी, आवळा, सुंडक्काई, म्हणजे वाटाण्याएवढी कडू रानवांगी. मिरची नाही, चिंच नाही, कांदा-लसूण तर नाहीच. अगत्ती म्हणजे आपला हादगा! आमच्याकडे पेणला त्याच्या फुलांची भाजी करतात, इकडे पाल्याची. मांबलम स्टेशनच्या भाजीवालीकडे शेवटची जुडी मिळाली.

मामी म्हणाल्या, "इथे कर. माझ्या गॅसवर. मग त्याला काही म्हणता येणार नाही."

किती चांगली बाई. दोन मिनिटं मोहात पडले. मग म्हटलं, नको मामी. मामींच्या घरचं ते खातीलच. त्यात माझं काय गेलं आणि माझं काय आलं?

मामींना पटलं की नाही माहीत नाही. मूठभर नारळ किसून दिला मात्र.

८ जून, रवि.

हे गाडीत लिहिते आहे, अक्षर वाकडं. मांबलमहून पहिल्या गाडीनं पार्क, आता आवडीची लोकल. डबे रिकामे. समोर एक बाई मोगऱ्याची पाटी घेऊन झोपली आहे.

तीनला उठले. आंघोळ करून, केस ओलेच बांधून, घासूनपुसून काढलेल्या पातेल्यात मुगाची डाळ आणि अगत्ती. आवळ्याची पचडी. मऊ भात. तूप नवं कढवलेलं. सुंडक्काई तुपात तळली तर घरभर कडवट वास. चव घेऊन बघता येत नाही म्हणे पारण्याच्या स्वैपाकाची, आधी देवाला. तेव्हा मीठ अंदाजानं. आयुष्यात पहिल्यांदा न चाखता काही शिजवलं.

हे उठले, डबा बांधला, वर दुहेरी गाठ मारली. स्टेशनपर्यंत आले. "नाही खाल्लं तर?" विचारलं त्यांनी.

"तर परत घेऊन येईन. तुम्ही आणि मी खाऊ."

"आणि मग?"

"मग उद्या ग्रुपवर त्याला सोलून काढेन." पण तेवढ्या जोरात काही आलं नाही ते.

अंबत्तूर गेलं. उजाडायला लागलंय. डबा मांडीवर गरम आहे.

आत्ता फोन वाजला. ग्रुप. कुं.डि.! दहा दिवसांपूर्वीच्या त्या पोदुम्‌नंतर पहिल्यांदा. खासगीत नाही, सगळ्यांच्या पुढ्यात. तमिळ अक्षरांत, चांगल्या तीन ओळी.

उतरवते:

"मासळीबाई पारण्यास डबा घेऊन येताहेत, त्यांच्या यजमानांचा फोन आला. दोन पानें मांडलीं आहेत. खाईन कीं नाहीं तें वास घेऊन सांगेन. मीठ कमी असल्यास सर्वांपुढें सांगेन."

दोनदा वाचलं. म्हणजे ह्यांनी मी गाडीत बसल्यावर फोन केला. आणि त्यांनी दुसरं पान कुणासाठी मांडलं? काल तर माझ्या घरी नुसते पाहत बसले होते. आज मी नुसती पाहत बसणार की मलाही वाढणार?

खाली लोक जागे व्हायला लागलेत. दोनतीन प्रश्नचिन्हं. केतकी, रविवारी एवढ्या पहाटे: "आई, काय लिहिलंय? उतरव ना."

उतरवीन म्हटलं. मधलं शेवटचं स्टेशन गेलं, आता आवडीच. डब्याची गाठ पुन्हा एकदा तपासली.

मीठ कमीच पडलं असेल, मला माहीत आहे. मी नेहमी कमीच घालते.